बिनआवाजाची लँब्रेटा

"पाणी ठेवा हो पाटाशी, गोपीनाथ आला!"

आधी लँब्रेटाचा फटफटाट यायचा, गल्लीच्या दोन्ही भिंतींना आपटत, आणि त्या फटफटाटाच्याही वर अण्णांची ही स्वतःच्याच नावाची हाक. रत्नाकर लहान होता तेव्हा त्या हाकेसरशी पतंग माळ्यावर जायचा आणि पाटी मांडीवर यायची. आई भाताचं आधण चढवायची. मागच्या सीटवर कधी सोलापूरचे, कधी सांगलीचे यजमान असायचे, बनारसच्या कॅन्ट स्टेशनवरून आणलेले. मांडीवर तांब्याचा कलश, कलशात कुणाचे तरी आईबाप. प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी करायला आलेली माणसं. अण्णा त्यांचे तीर्थोपाध्याय आणि लँब्रेटा अण्णांचं वाहन, जसा कुणाचा नंदी, कुणाचा गरुड.

ती हाक बंद होऊन वर्षं लोटली. गुडघ्यांबरोबर अण्णांचा गळाही थकला होता. गेल्या माघात अण्णाच गेले. फटफटाट मात्र अजून रोज दिवेलागणीला गल्लीत यायचा.

तो रत्नाकर आणायचा.

अण्णांचं तेरावं झालं, माणसं पांगली, आणि आई संध्याकाळी दोन ताटं मांडून उंबरठ्यात बसू लागली. "ते यायचेत अजून," म्हणायची आणि घासाला शिवायची नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, उलट बोलू नका. मग एकदा गाडी उभ्या उभ्या जाम होईल म्हणून रत्नाकरने तिला किक मारली, आणि आई पदर सावरत धावत दाराशी आली. त्याच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा आलेत गं, परस्पर घाटावर गेले संध्येला. यजमानांकडेच जेवणार आहेत. तू जेव." आई जेवली. "हे ताट वाया जाईल, तू बस," म्हणाली, आणि तो अण्णांच्या ताटावर बसला. तेव्हापासून रेल्वे कारखान्यातली ड्यूटी संपली की कॉलनीतल्या स्वतःच्या घरी न जाता तो आधी बालाजी घाटावरच्या या घरी यायचा. गल्लीच्या तोंडाशी मठाच्या पडवीत गाडी उभी असे. किक, फटफटाट, निळा धूर, आईचं जेवण. दिवाळीआधी ट्रेनिंगसाठी गोरखपूरला जावं लागलं तेव्हा तो सांगून गेला होता, "अण्णा गयेला गेलेत यजमानांना घेऊन." आईने मान डोलावली होती. "तिकडे थंडी पडेल आता. घोंगडी नेली ना?"

आज भाऊबीज. तो दुपारच्या गाडीने गोरखपूरहून परतला, बॅग खांद्यावरच, आणि ऊन उतरता उतरता मठाच्या पडवीत शिरला.

पडवी रिकामी होती.

दगडी फरशीवर तेलाचा काळा डाग होता. डागाभोवती गाडीच्या आकाराची स्वच्छ जागा होती. गाडी नव्हती. रत्नाकरने उगाचच वाकून खांबामागे पाहिलं, लपंडावात बघतात तसं.

"का रे गुरु, असा का उभा? तोंडावर रंगच नाही." समोरच्या पानवाल्याकडून विष्णुकाका आले, गाल पानाने फुगलेला. अण्णांचे धाकटे भाऊ. साऱ्या मोहल्ल्याच्या पोरींना हार्मोनियम शिकवून म्हातारे झालेले.

"काका, गाडी."

"काय झालं गाडीला?"

"नाहीये."

काकांनी पडवीत डोकावून पाहिलं आणि तोंडातलं पान गिळलंच. "हे राम. चोरी?"

रत्नाकरने वर पाहिलं. पंचगंगा घाटाकडे उंच बांबूंवर कार्तिकातल्या आकाशदिव्यांच्या टोपल्या चढत होत्या. थोड्या वेळाने आई उंबरठ्यात येईल आणि कान देईल.

"चलो हटो, हटो भैया!" मागून बाईचा आवाज आला, आणि एक पोंऽऽ असा हॉर्न. तो हॉर्न त्याच्या ओळखीचा होता. तो गर्रकन वळला. फिकट निळी लँब्रेटा त्याच्या पोटरीपाशी येऊन थांबली होती. केव्हा आली, कुठून आली, कळलं नाही. पाण्यावरून होडी यावी तशी आली होती. हँडलवर झेंडूची माळ, आणि सीटवर लखनौहून आलेली धाकटी बहीण ऋता, हेल्मेट काढून हसत.

"भाऊबीज, दादा! ह्या वेळी ओवाळणी मी घालतेय. कशी आहे?"

रत्नाकरची नजर झेंडूच्या माळेवरून इंजिनच्या जागी गेली.

"अरे देख ना! सांडाने शिंग मारून केलेला पोचा पण तस्साच ठेवलाय. रंग तोच. आतलं सगळं नवं. मोटर मागच्या चाकात, बॅटरी टाकीच्या जागी. इंजिनला पार्ट मिळत नव्हते, कागद संपलेले, ती फक्त सडली असती. आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांनी दिवाळीची सुट्टी घेतली नाही माहितेय? अण्णांची गाडी म्हणून. रात्री चार्जिंगला लावायची, बस. आणि ऐक." तिने कान पुढे करून मूठ पिळली. चाक हललं. काहीच ऐकू आलं नाही. "ऐकलंस? काही नाही! मक्खन!"

"इंजिन," रत्नाकर म्हणाला. "इंजिन कुठाय?"

"लखनौला. भंगारात नाही घातलं, घाबरू नकोस. पुसून ठेवलंय."

"परत बसव."

"काय?"

"आत्ता बसव. आई यायची दाराशी."

ऋताचं हसू तोंडावरच थांबलं. "आत्ता कसं बसेल? खालची चौकट कापून बॅटरीची पेटी वेल्ड केलीय. दादा, झालंय काय? आवडली नाही का?"

विष्णुकाकांनी भावाकडून बहिणीकडे, बहिणीकडून गाडीकडे पाहिलं आणि ते पडवीच्या पायरीवर बसले. "सांग तिला," म्हणाले. "आता लपवून काय करणार?"

त्याने सांगितलं. गल्लीतच, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत, अर्धं मराठीत अर्धं हिंदीत, खाली मान घालून. ऋता ऐकत होती. ऐकता ऐकता हँडलवरची तिची बोटं पांढरी पडली. तिला आठवत होते ते इतक्या महिन्यांचे फोन. रोज दुपारी आईशी बोलायची ती. गॅस संपला, माकडांनी पापड नेले, विष्णुकाकांचा सूर उतरला. आई अण्णांचं नाव काढत नाही म्हणून ऋताला बरं वाटायचं. सावरतेय, असं ती समजत होती.

"म्हणजे आईला वाटतं, अण्णा आहेत?"

"हो."

"आणि तू रोज..."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तिला लखनौला उचलून नेली असतीस. मोठा दवाखाना, मोठा डॉक्टर. तुझं सगळंच झटक्यात असतं."

"नेलीच असती! आजारी आहे ना ती?" ऋताचा आवाज चिरला. "पण दादा, माझ्याशी फोनवर एवढी नीट बोलते. दुपारी माझ्याजवळ शहाणी आणि संध्याकाळी तुझ्याजवळ वेडी, हे कसं?"

"दिवेलागणीला होतं तिला तसं."

"और मैं उसकी आवाज ही काट लाई," ऋता पुटपुटली. सकाळपासून साऱ्या बनारसभर ज्या नीरवपणाचा तिला अभिमान वाटत होता, तो आता तिच्या मांडीखाली थंड बसला होता.

रत्नाकरने एकदम विचारलं, "किल्ली कुणी दिली?"

ऋताने हँडलवरची माळ सरळ केली.

"किल्ली माझ्या कपाटात होती, कॉलनीतल्या घरी. कुणी दिली?"

"वहिनीने," ऋता म्हणाली. "मी विचारलं, दादाची काही हरकत नाही ना? ती म्हणाली, घेऊन जा."

---

घाटावरच्या घराच्या स्वयंपाकघरात रत्नाकरची बायको हिमानी सणाच्या पुऱ्या लाटत होती. सासूबाई शरदिनीबाई बाहेरच्या खोलीत उंबरठ्याला टेकून वाती वळत होत्या, कपाळावर नेहमीचं ठसठशीत कुंकू. ते कुंकू पाहून गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, आणि घरचे म्हणायचे, असू दे, तिला भान नाही. वाती वळता वळता त्या गुणगुणत होत्या, जात्यावरची जुनी ओवी.

दिवेलागण झाली, गंगा झाली गं सावळी
गल्लीच्या वळणाला, माझ्या लेकाची आरोळी

पूर्वी 'लेकाची'च्या जागी 'कंथाची', म्हणजे नवऱ्याची, होतं. विसरल्या बिचाऱ्या, असं हिमानीच्या मनात आलं आणि पुरी लाटायच्या नादात निघूनही गेलं. तिचा कान मागच्या दाराकडे होता. रत्नाकर मागच्या दाराने आत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच ती समजली. तिने लाटणं खाली ठेवलं.

"किल्ली तू दिलीस."

"हो."

"माहीत असून?"

"हो, माहीत असून." तिने आवाज खाली ठेवला. बाहेर ऐकू जाऊ नये ही सवय त्या घरात सगळ्यांच्याच अंगात मुरली होती. "अहो, तुम्हाला कधी दिसलं का, मी सांजेला कशी असते ते? कॉलनीत कुलूप उघडते, दिवा लावते, कुकर लावते, तुम्ही येता जेवून. रोज. पाणीसुद्धा मागत नाही तुम्ही माझ्याकडे. मेलेल्या माणसाची गाडी रोज येते या घरी. जिवंत माणूस माझ्या घरी कधी यायचा?"

"म्हणून आईच्या तोंडचा घास?"

"मला वाटलं, गाडी गेली की थांबेल हे. एखादा दिवस त्या रडतील, मग कळेल त्यांना. कधीतरी कळायलाच हवं ना? तुमच्याने सांगवणार नव्हतं. तुम्ही तर..." ती थांबली. पण थांबून उपयोग नव्हता. "अण्णा होते तेव्हा सणालासुद्धा ओढून आणावं लागायचं तुम्हाला. भिक्षुकी नको म्हणून भांडून गेलात, बापाशी बोलणं टाकलंत. आता त्यांची गाडी वाजवून काय मिळवता?"

रत्नाकर भिंतीला टेकला. ऋता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. गल्लीत तिला वहिनीचा राग आला होता, तो तिने इथपर्यंत सांभाळून आणला होता. आता तो कुणावर टाकावा तेच तिला समजेना.

"दादा, वहिनी चुकली," ती हळूच म्हणाली. "पण खोटं नाही बोलली."

"वा! आता तू तिच्या बाजूची?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही रे. मला आईला जेवू घालायचंय."

विष्णुकाका धोतर सावरत आत आले. "भांडू नका, भांडू नका. उपाय आहे. मोबाइलवर सगळं मिळतं. काल एका पोरीने मला सतार काढून दाखवली. जुन्या लँब्रेटाचा आवाज नसेल?" त्यांनी चष्मा वर करून खटपट केली, ऋताने हातातून घेऊन शोधून दिलं. काका मोबाइल छातीशी धरून, चोरासारखे पाय टाकत मागच्या दाराने गल्लीत गेले. बाहेर फटफटाट झाला. बारका, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. मधेच बाईचा गोड आवाज आला, कुठलं तरी तेल वापरा म्हणणारा, आणि परत फटफट.

"विष्णुभाऊजी," उंबरठ्यातून शांत आवाज आला. "ते यंत्र बंद करा. गाय बुजतेय."

फटफट थांबली.

"जेवायची नाही आता ती," रत्नाकर म्हणाला आणि खाली बसला, तिथेच, पिठाच्या परातीशेजारी. एवढा मोठा माणूस. त्याच्या बॅगेचा पट्टा अजून खांद्यावरच होता. हिमानीचा हात त्याच्याकडे जायला निघाला आणि पीठ लागलेलं पाहून परत फिरला.

ऋताला काहीतरी करायला हवं होतं. दोन ताटं मांडलेली होती, रोजच्यासारखी. एक आईचं, एक अण्णांचं. निदान वाढून तरी ठेवू म्हणून तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. भरलं परवल. शेंगदाण्याचं कूट, वर कोथिंबीर, कडेला तेल सुटलेलं. ती झाकण हातात धरून तशीच राहिली.

"वहिनी, हे तू केलंस?"

"छे. आईंनी केलं. मला हात लावू देत नाहीत त्याला. नेहमी त्याच करतात."

"नेहमी?"

"परवल बाजारात आलं की करतातच. ह्यांच्या डब्यातपण येतं कधी उरलेलं. का?"

ऋताने भावाकडे पाहिलं. "दादा, तू अण्णांच्या ताटावर बसतोस तेव्हा काय जेवतोस?"

"आई वाढते ते."

"परवल?"

"हो, असतं..." रत्नाकर त्या दुसऱ्या ताटाकडे पाहू लागला.

हिमानीने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "काय झालं? मला सांगा तरी कोणी!"

विष्णुकाका दारात परत आले होते. मोबाइल मुठीत, डोळे पातेल्यावर. उत्तर त्यांनी दिलं, देवळात बोलावं तसं.

"गयेला अक्षयवटाखाली एक भाजी, एक फळ सोडायचं असतं, सूनबाई. जन्मभरासाठी. आपल्याला सगळ्यात जास्त आवडतं ते. आमच्या आईचं श्राद्ध केलं तेव्हा दादाने, म्हणजे तुमच्या अण्णांनी, परवल सोडलं. मी होतो बरोबर. त्यानंतर त्याच्या ताटात परवल कधी पडलं नाही. तुझ्या सासूबाईंनी पडूच दिलं नाही. एकदा सत्तूच्या कचोरीत चुकून निघालं तर उठून गेला होता तो पानावरून."

"म्हणजे हे ताट..." हिमानी म्हणाली. तिची नजर नवऱ्याकडे वळली.

कढईतलं तेल तापून धूर येऊ लागला होता. कुणाला सुचलं नाही. बाहेरून बांगड्यांचा आवाज आला, मग पायांचा, आणि शरदिनीबाई आत आल्या. त्यांनी आधी गॅस बंद केला. मग वातींचं तबक फळीवर ठेवलं.

"ऋता, गाडी तू आणलीस?"

"हो, आई. आई, मला माहीत नव्हतं..."

"बघितली मी खिडकीतून. छान दिसते. धूर पण नाही. त्या धुराने दम लागायचा मला." त्यांनी लेकीच्या गालावरची गल्लीतली धूळ पदराने पुसली. मग त्या रत्नाकरकडे वळल्या. तो जमिनीवरून त्यांच्याकडे पाहत होता, लहानपणी पतंग लपवताना पकडला गेला की पाहायचा तसा.

"पहिल्या दिवशी फसले मी," त्या म्हणाल्या. "खरंच फसले. तशीच धावले. बघते तर तू. घामाघूम. किक मारून मारून दमलेला. त्यांना एका किकेत लागायची रे ती. तुला कधीच लागली नाही."

"आई..."

"बोलू दे. इतके महिने तुम्हीच बोलताय." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "हे कुंकू लावते ते भान नाही म्हणून नाही. मला लावावंसं वाटतं. ते कुठे गेलेत ते मला ठाऊक आहे. मीच पाणी घातलं तोंडात."

हिमानीने तोंडावर हात दाबला. पिठाची पाच बोटं तिच्या गालावर उमटली. सासूने ती पाहिली.

"तुझा सांजेचा दिवा मी पळवला, हिमानी. मला दिसत नव्हतं असं नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण हा इतक्या वर्षांनी माझ्यासमोर पाटावर बसला. म्हणाला, अण्णा घाटावर गेलेत, तू जेव. मी काय म्हणू? खोटं बोलतोस म्हणू? म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कशाला आला असता तो?"

बाहेर पंचगंगेकडून घंटा ऐकू येऊ लागल्या. शरदिनीबाईंनी पातेल्यातलं एक परवल डावावर घेतलं, दुसऱ्या ताटात वाढलं, आणि ताट मुलासमोर सरकवलं.

"आता आवाजसुद्धा गेला. आता तुला यायला निमित्त नाही, म्हणून सांगते. मी त्यांची वाट बघत नव्हते, रत्ना. तुझी बघत होते."